धुऊन आलेला डबा

थंडी पडू लागली की आमच्या आठवडी बाजारात उकडलेल्या तुरीच्या शेंगांची घमेली दिसायला लागतात. वर ओलं फडकं, फडक्याखालून वाफ, आणि त्या वाफेला मिठाचा आणि हिरव्या सालींचा वास. माणसं तो वास आला की खिशात हात घालतात. मी आधी फडक्याचं टोक उचलून बघतो. एक शेंग सोलतो, दाणा दाताखाली धरतो आणि विचारतो, "कालच्या तर नाहीत ना?" शेंगावाली आता मला ओळखते. म्हणते, "बाबाजी, दरसाल हेच इचारता अन् दरसाल घेता." घेतो, हे खरं आहे. पण विचारल्याशिवाय घेतल्या तर मला त्या गोड लागत नाहीत.

संशय आमच्या घरात दुधातूनच आला. जानेफळला आमचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे, आणि बांधाला तूर. माय बाजारात दुसऱ्याची भेंडी मोडून पाहायची, मडकं घेताना कुंभाराच्या देखत टिचकी मारून वाजवायची, आणि एखादा पाहुणा फारच हसून बोलला की तो गेल्यावर म्हणायची, "याचं कायतरी काम हाये आपल्याकडं." आठवड्याने तो माणूस खरंच काम घेऊन यायचा. बाबांचा संशय जरा सरकारी होता. विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. "पहिले कागद नागपुरावरून उशिरा येत, आता मुंबईवरून उशिरा येतीन," एवढंच त्यांनी त्या गोष्टीचं स्वागत केलं. अशा दोघांच्या पोटी जन्मून मी भोळा निघालो असतो तर त्यांना माझाच संशय आला असता.

या शेंगा आल्या की मला एकच हिवाळा आठवतो. दिवाळी झाली होती आणि संक्रांत यायची होती. मी खामगावला कॉलेजात होतो. गल्लीतून दिवसभर कापसाच्या गाड्या जायच्या, आणि त्यातून उडालेला कापूस सगळीकडे चिकटायचा. कंदिलाच्या काचेला, शाईच्या दौतीला, ओल्या टॉवेलला. सकाळी उठून नाक शिंकरलं तरी त्यात कापूस निघायचा. जिनिंग गिरणीचा भोंगा वाजला की आमची उठायची वेळ व्हायची, आणि तो भोंगा वाजूनही न उठण्यात जे सुख होतं ते मला पुढे कुठल्याही गादीवर मिळालं नाही.

खोलीत आम्ही तिघं होतो. वसंता रोहिणखेडचा, कचेरीतल्या कारकुनाचा मुलगा, केसांना तेल लावून भांग पाडणारा. त्र्यंबक सुलतानपूरचा, अंगाने काटकुळा, बोलायला कमी. आणि मी. मातीची जमीन, एक खिडकी, कोपऱ्यात चूल. खोली तशी भाड्याला महाग होती, आणि मित्र त्याहून महाग. वसंताने आपल्या तेलाच्या बाटलीला दोरा बांधून ठेवला होता, तेल कुठवर आहे ते कळावं म्हणून. मी तो दोरा खाली सरकवून तेल लावायचो. माझा साबण मात्र कोण जास्त झिजवतो ते मला कधी पकडता आलं नाही. एकाच ताटात जेवणारी, एकाच रजईत पाय घालणारी पोरं आम्ही, पण कोणी आंघोळीला जास्त वेळ लावला तरी दुसऱ्याचा कान तिकडे असायचा. तरीही मला तिथंच राहायचं होतं. मला ती खोली फार आवडत होती, हे सरळ सांगून टाकतो. वसंता रात्री कंदील मालवल्यावर आमच्या प्राध्यापकांच्या नकला करायचा आणि आम्ही तोंडात रजई कोंबून हसायचो. घर सोडल्यावर पोटात जो खड्डा पडतो, तो माझा त्या हसण्याने भरला होता.

आणि नेमकी तीच खोली सोडायची वेळ आली होती. गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात कुण्या धर्मादायवाल्याने बोर्डिंग काढलं होतं. राहणं, दोन वेळचं जेवण आणि विजेचा दिवा, हे सगळं आमच्या खोलीच्या भाड्याहूनही कमी. दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या कानावर ते गेलं. त्यांनी जाऊन पाहिलं, तिथल्या व्यवस्थापकाला भेटले, आणि खूश होऊन परत आले. संक्रांतीनंतर नवीन पोरं घेणार होते. तोवर काय ते ठरवायचं होतं.

गंमत अशी की माझी बाजू मायने घेतली. "एवढं सवस्त काऊन?" हा तिचा पहिला आणि शेवटचा प्रश्न होता. "कोणी कोणाच्या पोराले फुकट खाऊ घालते का? पाणी कुठंतरी मुरून राह्यलं." बाबा म्हणाले, धर्म असतो. माय म्हणाली, "धर्म करणारा देवळावर नाव कोरते. पोट्ट्याच्या पोटात जाऊन कोण वाचते नाव?" बाबा उठून मळ्यात गेले.

कॉलेजात त्या बोर्डिंगविषयी हव्या तेवढ्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. भूक मरावी म्हणून वरणात सोडा घालतात. सुट्टीच्या दिवशी पोरांना कापूस वेचायला नेतात. पुढे मालकाच्या पोरीशी लग्न लावून देतात. त्या मालकाला किती पोरी होत्या कोणास ठाऊक, कारण बोर्डिंगात बरीच पोरं होती. मी एकदा स्वतः जाऊन आलो. व्यवस्थापक 'या, बसा' म्हणाला, मला जेवायला वाढलं. वरण उत्तम होतं. तेव्हाच मी ओळखलं की हे पाहुण्यासाठी केलेलं आहे. फाटकाला मोठं कुलूप होतं आणि दिवेलागणीला ते लागायचं. आत एक मुलगा भिंतीकडे तोंड करून पाठांतर करत होता. त्याने एकदाही मान वळवली नाही. असा शहाणा मुलगा पाहिला की मला अजूनही धडकी भरते.

परवा माझ्या नातीचा फोन आला होता. तिचाही हाच घोळ चालला आहे. होस्टेल स्वस्त पडतं, मैत्रिणी म्हणतात मिळून खोली घेऊ. "आबा, काय करू?" मी विचारलं, "तुमच्यात भांडी कोण घासतं?" ती हसली. म्हणाली, तुम्ही काहीही विचारता. मी काहीही विचारलेलं नव्हतं. पण हे फोनवर समजावून सांगण्यासारखं नाही.

आमचं जेवण एस.टी.तून यायचं. आताच्या पोरांना सांगितलं तर त्यांना खोटं वाटतं. माय पहाटे भाकरी थापायची, तीन खणांचा पितळी डबा भरायची, फडक्यात बांधायची, आणि माझी बहीण कमल तो जानेफळच्या स्टँडवर नेऊन मेहकर-खामगाव गाडीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची. कंडक्टर तो आपल्या सीटखाली ठेवायचा. इकडे मी तो उतरवून घ्यायचो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत जायचा. फडकं सोडलं की मळा वर यायचा. मेथीचा वास, मिरचीच्या ठेच्याचा वास, आणि थंडीत शेंगा असल्या तर तो मिठाचा, हिरवा वास. वसंताचा डबा खाणावळीतला. त्र्यंबकला डबा येत नसे. तो चुलीवर भाकरी करायचा, आमच्या भाजीतलं थोडं घ्यायचा, आणि आपली गरम भाकरी आमच्या ताटात टाकायचा. वसंता त्याला भाकरी थापताना पाहून "वहिनी" म्हणायचा. त्र्यंबक हसायचा, पण आम्हाला बाहेर घालवून दार लोटून घ्यायचा.

दिवाळीनंतर मला त्याच्याविषयी शंका यायला लागली. रिकामा डबा स्टँडवर न्यायची पाळी खरं तर माझी. पण हा रोज म्हणायचा, "राहू दे बे, मी नेतो, मले तिकडं जायचंच हाये." रोज तिकडे काय असतं याचं? एकदा मी अचानक मागच्या दाराने गेलो, तर हा उकिडवा बसलेला, माझा डबा मांडीशी, बाजूला त्याची पत्र्याची पेटी उघडी. मला पाहून त्याने झाकण लावलं. मला वाटलं, उरलंसुरलं खात असेल. खाल्लं तर खाल्लं, पण लपून कशाला? वसंताचं डोकं माझ्याहून तिखट चालायचं. तो म्हणाला, "तुह्या बापानं ठेवला असंन त्याले, नजर ठेवायले. डब्यातून खबर जाते तिकडं." मी हसलो. पण तेव्हापासून त्र्यंबक आला की आम्ही बोलणं बदलायचो. तीन माणसांच्या खोलीत दोघं कुजबुजायला लागले की खोली किती लहान होते ते मी तेव्हा पाहिलं. रात्रीच्या नकलाही बंद झाल्या.

आणि वसंताचं म्हणणं खरं वाटावं असंच तिकडून घडू लागलं. मी एका रविवारी गावी गेलो तर मायने माझ्याकडे नीट पाहिलं नाही. ताट वाढताना विचारलं, "डबा कोण धुते रे तुहा?" मी म्हणालो, "धुतो आम्हीच." ती म्हणाली, "हाव का." तिच्या 'हाव का'मध्ये एक अख्खी कचेरी भरायची. मग बाबांना म्हणाली, "त्या बोर्डिंगात फाटक किती वाजता लागते म्हणता?" माझ्या हातातला घास हातात राहिला. आजवर बोर्डिंगच्या नावाने बोटं मोडणारी माय त्याच बोर्डिंगच्या कुलपाची चौकशी करत होती. काहीतरी नक्की पोचलं होतं. आणि पोचवणारा कोण, ते मला ठाऊक होतं असं मला वाटलं. परतीच्या गाडीत मी त्र्यंबकशी काय काय भांडायचं ते मनात घोकत आलो. पण खोलीत शिरलो तर त्याने माझ्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती. भांडण उद्यावर गेलं.

पौष लागला होता. मी नेहमीप्रमाणे स्टँडवर डबा घ्यायला गेलो. गाडी थांबली. कंडक्टर दारातून वाकून हसला आणि म्हणाला, "आज डबा पायानं आला बरं का." मागून माय उतरली. डोक्यावर पदर घट्ट, कडेवर मूल घ्यावं तसा डबा घेतलेला.

ती सरळ माझ्याबरोबर खोलीत आली, चपला बाहेर काढल्या, पण बसली नाही. वसंता पुस्तक उलटं धरून उभा राहिला. माय भिंतीला टांगलेल्या आरशाजवळ गेली आणि त्याच्या कडेला कुंकवाचं बोट पुसलेलं आहे का ते पाहिलं. कोनाड्यात हात फिरवला. मग फणी उचलली, तिच्यातला एक केस ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. केस वसंताचा होता. लांब नव्हता. ती थोडी निराश झाल्यासारखी वाटली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला वाटत होतं, खोलीत बाई येते.

"माय, काय पाहून राह्यली?" मी विचारलं. माझे कान तापले होते.

"तू बोलूच नको," ती म्हणाली. "दिवाळीपासून डबा घासून येते. राखेनं, कडाकडानं. तुनं जन्मात कधी वाटी धुतली नाही. फडक्याची गाठ पाह्यली, पदर आत खोसलेले. पुरुष माणूस अशी गाठ मारते का? अन् डबा रिकामा नसते. कधी साखरेची चिमूट, कधी जवारीचे दाणे. म्हटलं, जाऊ दे, कोणी शेजारची म्हातारी असंन. परवाच्या दिवशी हळकुंड आलं डब्यात. हळकुंड! कोणाची पोरगी माह्या घरी हळद धाडून राह्यली, सांग मले."

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी अजून वाटीभर भाजी शेजारी जाते-येते त्यांना सांगायला नको. दुसऱ्याचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी त्यात टाकतात. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. पुरुषांना तर तो ठाऊकही नसतो, कारण भांडी पुरुषांच्या हातून परत जात नाहीत. त्यामुळे मायचा हिशेब चुकला असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. तिच्या जागी दुसरी कोणतीही बाई असती तरी तिने हेच ओळखलं असतं. आपण निर्दोष आहोत हे मला ठाऊक होतं, पण उद्यापासून मी त्या कुलपाच्या आत जाणार, एवढं मला स्पष्ट दिसलं.

त्याच वेळी त्र्यंबक पाण्याची बादली घेऊन आत आला. मायला पाहून थबकला, बादली ठेवली, वाकून नमस्कार केला. मायने त्याच्या हातांकडे पाहिलं. नखांत राख होती.

"डबा कोण घासते?" तिने त्याला विचारलं.

"मी घासतो, मावशी."

"अन् हळकुंड?"

"मीच ठेवलं."

"काऊन?"

त्याने खाली पाहिलं. "साखर सरली होती," तो म्हणाला.

वसंताला हसू फुटलं आणि मध्येच अडकलं. माय हसली नाही. तिची अजून खात्री पटलेली नव्हती. पोरं पोरांना सांभाळून घेतात, हे तिला माहीत होतं. "कोणी शिकवलं तुले हे?"

"माय सांगे. कोणाचं भांडं रिकामं धाडू नये. ती आजारी पडली तवापासून घरचं मीच करो. लहान भाऊ-बहीण होते ना." मग म्हणाला, "आता माय नाही. पेटीत तिची हळद होती थोडी. यायले कधी सांगतलं नाही मी, हे हसतात."

"हे" म्हणजे आम्ही. वसंता खिडकीबाहेर पाहू लागला.

मायने पदर खोचला आणि चुलीकडे बोट दाखवलं. "थाप भाकर," ती म्हणाली. मला तिचा राग आला. एवढं ऐकूनही हिची परीक्षा संपत नाही! पण त्र्यंबकला राग आला नाही. त्याने चूल पेटवली, परातीत पीठ घेतलं, मळायला लागला. माय त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि भेंडी मोडून पाहणाऱ्या त्याच डोळ्यांनी त्याच्या हातांकडे पाहत राहिली. त्याने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यापाशी उभी धरली. भाकरी टम्म फुगली. त्याने तिचा इवलासा तुकडा मोडला आणि न बोलता चुलीत टाकला. आमची माय रोज पहिल्या भाकरीचा तुकडा तसाच अग्नीला द्यायची. आम्ही दीड वर्ष एका खोलीत राहिलो, पण तो असं करतो हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण तो दार लोटून घ्यायचा.

मायने ती भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली. पूर्ण खाल्ली. मग डबा उघडून आम्हाला वाढलं आणि त्र्यंबकला आधी वाढलं. ती परतीच्या गाडीत बसली तेव्हा मी तिला विचारलं, "मंग बोर्डिंगचं?" ती म्हणाली, "मफलर बांधत जाय कानाले." गाडी सुटली. मला काही कळलं नाही.

मधले दिवस मी फार धास्तीत काढले. आमच्या घरात काही बोललं नाही याचा अर्थ ठरलं असा होतो, पण काय ठरलं ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. डबा येत होता, जरा जड येत होता. मला वाटलं, शेवटचे दिवस म्हणून गोडधोड धाडत असेल. त्र्यंबक आता डबा उघड्यावर घासायचा. वसंताने त्याला एकदाही वहिनी म्हटलं नाही. उलट एका संध्याकाळी राख मागून घेऊन तो स्वतःची ताटली घासत बसला, इतकी वाईट की त्र्यंबकने ती पुन्हा घासली. त्या रात्री खूप दिवसांनी नकला झाल्या, आणि हसताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण हे सगळं आता जाणार असं मी धरून चाललो होतो.

संक्रांतीला गावी गेलो. बाबा मळ्यात कांद्याला पाणी देत होते. मला पाहून म्हणाले, "राह्य तिथंच, त्या खोलीत," आणि पुन्हा पाण्याच्या दंडाकडे वळले. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी संशय आला. एवढं स्वस्त बोर्डिंग, एवढा गोड व्यवस्थापक, एवढं मजबूत कुलूप, आणि बाबांनी ते एका वाक्यात सोडून दिलं? मी कमलला गोठ्यामागे गाठलं. तिळाचा लाडू चोखत तिने सगळं सांगितलं.

माय खामगावहून आली त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर वाटच पाहत बसले होते. तिने पाय धुवायच्या आत त्यांनी विचारलं, "होती का बाई तिथं?"

"होती," माय म्हणाली.

बाबा ताडकन उठले. "मी म्हटलंच होतं! उद्याच त्याले उचलून बोर्डिंगात टाकतो. कोण होय थे?"

"त्या सुलतानपूरच्या पोट्ट्याची माय," माय म्हणाली. "मेली बिच्चारी, पण लेकराले सोडून गेली नाही, तिथंच असते. आपल्याही पोराले राहू द्या तिच्यापाशी."